माळ्यावरचं जुनं ०७०: पुन्हा सुरू करताना आणि किंमत ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला आदळलं आणि माड, पोफळी, आंबे आडवे झाले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. त्या दोन वर्षांत कोकणातल्या कितीतरी मांगरांच्या (शेतघरांच्या) माळ्यांवरून जुनी मोठी झाडकापी मशीनं खाली आली, झेपेल तेवढं काम केलं आणि टाकीत पेट्रोल तसंच ठेवून परत वर गेली. आता तीच एकेक करून माझ्या बाकावर येतात. सोबत दोन प्रश्न ठरलेले असतात. सुरू होईल का? आणि विकलं तर किती येतील? दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलेलं असतं, म्हणून त्याच क्रमाने घेऊ. उदाहरण म्हणून स्टिल कंपनीचं ०७० घेतलंय, कारण मोठ्या जुन्या मशीनांत मला सगळ्यात जास्त तेच भेटतं.

०७० म्हणजे नेमकं काय? एवढं वजनदार का?

जर्मनीतल्या स्टिल कंपनीने १९५९ मध्ये ‘कॉन्ट्रा’ नावाचं मशीन काढलं. त्यात गिअर नव्हता, क्रँकची ताकद थेट चेनला मिळायची. ०७० हे त्याच घराण्यातलं पुढचं मशीन. सिलिंडरचा व्यास ५८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १०६ सीसी. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं असतं. म्हणजे मोटारसायकलहून मोठं इंजिन तुम्ही दोन हातांत धरताय. ताकद साधारण साडेसहा हॉर्सपॉवर, आणि पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) व चेन न लावताच वजन १० किलोच्या वर. याचा वेग कमी, जोर भरपूर. फांद्या छाटायला हे नेणं म्हणजे मुंगीवर मुसळ. जाड ओंडका चिरून फळ्या पाडायच्या असतील तर मात्र अजूनही याला मान आहे.

माळ्यावरून काढलं. दोरी ओढून बघू का?

नको. सगळ्यात जास्त मशीनं याच घाईत मरतात. दहा वर्षं पडून असलेल्या सिलिंडरमध्ये गंज असू शकतो, कुंभारमाशीचं मातीचं घर असू शकतं, सायलेन्सरमध्ये उंदराने भरलेला काथ्याही मी काढलाय. आधी प्लग काढा. मग सायलेन्सर काढा, दोन-चार नटांचं काम आहे. त्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन दिसतो. अंग गुळगुळीत असेल, बारीक आडव्या रेघा असतील तर उत्तम. उभे खोल ओरखडे असतील तर समजा की कुणीतरी कमी ऑइलवर किंवा हवा ओढत असताना ते पळवलंय. खरेदी करताना विक्रेता सायलेन्सर काढू देत नसेल, तर ते मशीन भंगाराच्या भावानेच मागा.

पिस्टन जाम आहे. हातोडी?

हातोडीला हात लावू नका आणि दोरीलाही लोंबकळू नका, स्टार्टरची खुंटी तुटेल. प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल निम्मं-निम्मं सोडा, मशीन आडवं ठेवा आणि चार दिवस विसरून जा. रोज थोडं भर घाला. मग मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) नटवर पाना लावून हळूच, मागे-पुढे, इंच-इंच हलवा. सुटलं की लगेच खूश होऊन फिरवत बसू नका, सिलिंडर उतरवून आत बघा. जाम झालेलं मशीन सुटतं ते बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगांवर काहीतरी ओढून नेतच.

क्लच किंवा मॅग्नेट सोडवताना क्रँक अडवायला काही जण प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालतात. त्याने पिस्टनच्या डोक्याला खड्डा पडतो. जुनी सुती दोरी घाला, टोक बाहेर ठेवून. पिस्टन तिच्यावर अलगद टेकतो. आणि लक्षात ठेवा, अशा मशीनांच्या क्लचला बहुधा उलटे आटे असतात. न चालणारा नट जोर लावून ‘आणखी घट्ट’ करणारे फिटर मी पाहिलेत.

सिलिंडरला ओरखडे दिसतात. गेला का?

दर वेळी नाही. याच्या सिलिंडरला आतून क्रोमचा कडक थर असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, म्हणजे मऊ. गरम होऊन घासलं की बहुतेकदा पिस्टनचं ॲल्युमिनियम क्रोमवर चिकटतं आणि बघणाऱ्याला वाटतं सिलिंडर खरवडला. नखाने चाचपा. ओरखडा नखाला उंचवट्यासारखा लागला तर तो वर चिकटलेला माल आहे. नख आत अडकलं तर थरच गेलाय.

चिकटलेलं ॲल्युमिनियम काढायला फरशी धुण्याचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, कापसाच्या काडीने फक्त त्या पट्ट्यावर लावायचं. बारीक फेस येतो, म्हणजे ॲल्युमिनियम विरघळतंय. फेस थांबला की पाण्याने धुवा, पुसा, पुन्हा बघा. पण हेच ॲसिड क्रोम उडालेल्या जागी किंवा पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाच्या) कडेला गेलं तर खालचा सिलिंडरही खातं. म्हणून सिलिंडर क्रँककेसपासून पूर्ण वेगळा करूनच हे करायचं. क्रँककेस मॅग्नेशियमची असते, तिच्यावर दोन थेंब पडले तरी ती पांढरी फसफसते. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. स्वयंपाकघराच्या मोरीत करू नका, वाफेने घरातली भांडी काळवंडतात आणि मग घरी काय ऐकावं लागतं ते मला विचारा.

कॉम्प्रेशन मोजायचं गेज नाही. अंदाज कसा घेऊ?

दोरीची मूठ धरून मशीन जमिनीपासून फूटभर उचला. चांगलं मशीन अडखळत, पायरी-पायरीने खाली उतरतं, मध्ये-मध्ये थांबतं. गेलेलं मशीन सरळ सरकन येतं. डिकॉम्प्रेशनचं (सुरू करताना सिलिंडरमधला दाब सोडणारं) बटण असेल तर ते बंद आहे ना बघा, नाहीतर चांगलं मशीनही नापास होईल. पायावर येणार नाही अशा बेताने करा. गेज मिळालं तर साधारण १२० पीएसआयच्या खाली आलं की रिंग बघायच्या. १५०च्या जवळ असेल तर मालकाच्या तोंडात साखर.

प्लगला करंट येत नाही. कॉइल गेली का?

कॉइल सगळ्यात महाग, म्हणून सगळ्यांचा संशय आधी तिच्यावर. जुन्या ०७०ला मॅग्नेटखाली पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असतात, नंतरच्यांना इलेक्ट्रॉनिक. पॉइंटवाल्यात दहापैकी सात वेळा दोष पॉइंटवर चढलेल्या हिरव्या-काळ्या बुरशीचा असतो. बारीक पॉलिश पेपर मध्ये धरून दोन-तीनदा ओढा, मग त्याच फटीतून कोरा कागद ओढा. कागदावर काळं यायचं थांबलं की झालं. फट ०.३५ ते ०.४ मिलिमीटर. त्यानंतर कंडेन्सर, मग बंद करायच्या स्विचची वायर कुठे बॉडीला टेकलीय का ते, आणि कॉइल सगळ्यात शेवटी. कॉइल आणि मॅग्नेटमधली फट बसवायला व्हिजिटिंग कार्डाइतकी जाडी पुरते.

करंट बघताना प्लग सिलिंडरला टेकवतात. तो प्लगच्या भोकापासून लांब टेकवा. आत पेट्रोलची वाफ असते, भडका उडून भुवया गेलेली माणसं आहेत.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी फक्त खोकतं आणि बंद पडतं.

कार्बोरेटरमधला डायफ्राम. याच्यात मोटारसायकलसारखा फ्लोट नसतो. क्रँककेसच्या दाबाच्या धडधडीवर एक रबरी पडदा हलतो आणि पेट्रोल ओढतो. तो पडदा पापडासारखा कडक झाला की ओढणार काय? कार्बोरेटर उघडून पडदा दोन बोटांत धरा. कुरकुरला तर टाका. पूर्ण किट बदला, पेट्रोलची नळी आणि टाकीतला फिल्टरही त्याच बैठकीत. अर्धं काम करून पैसे वाचत नाहीत.

आणि ऑइल सील? ते बदलायलाच हवेत?

इथे मला माझीच चूक सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात एक ०७० मी दोन तासांत सुरू करून दिलं. नवा डायफ्राम, साफ पॉइंट, सुंदर आवाज. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नव्हतं, दोन क्षण उंचच राहायचं. मी म्हटलं, कार्बोरेटरचं सेटिंग असेल. तिसऱ्या ओंडक्यात पिस्टन चिकटला. क्रँकचे दोन्ही सील वाळलेले होते. तिथून बाहेरची हवा आत, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल-ऑइल कमी, उष्णता वाढली आणि मशीन गेलं. पिस्टन माझ्या खिशातून.

तेव्हापासून मी प्रेशर टेस्ट केल्याशिवाय मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. सायलेन्सरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून ते भोक बंद करा. कार्बोरेटरच्या जागी रबर आणि पत्र्याची पट्टी बसवा, तिला एक नळी. प्लग घट्ट, डिकॉम्प्रेशन बंद. त्या नळीला जुन्या बीपीच्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडला की काम भागतं. त्या बीपीच्या काट्यावर २५० (मिलिमीटर पारा) पर्यंत दाब भरा. अर्धा मिनिट काटा स्थिर राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा पत्ता सांगतो. मात्र सील ओढाच्या दाबाला वेगळं वागतो. भरलेला दाब टिकतो आणि ओढताना गळतो, असंही होतं. म्हणून पिचकारीने हवा ओढूनही बघावं. सील स्वस्त आहेत. दहा वर्षं पडलेल्या मशीनचे सील मी आता टेस्टच्या आधीच बदलतो.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालू? पंपावरचं आताचं पेट्रोल चालतं का?

जुन्या हिशेबाने २५ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. चांगल्या प्रतीच्या टू-टी ऑइलवर ५०ला १, लिटरला २० मिली चालतं. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन टाक्या मी ४० मिलीवरच चालवतो. धूर थोडा होतो, होऊ दे.

खरी गोची पेट्रोलची आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं ई-२० मिळतं. या मशीनांचं रबर त्या काळात बनलं तेव्हा इथेनॉल कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इथेनॉल नळ्या फुगवतं, पडदे खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. कोकणच्या पावसात अर्धी भरलेली टाकी दोन महिने ठेवलीत तर तळाला पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसतो, वर ऑइल मिसळलेलं पेट्रोल. सुरू करताना आधी तळाचं ओढलं जातं, आणि त्यात ऑइल नसतं. घरी तपासायचं असेल तर मापाच्या उभ्या काचेत १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा, थांबा. खालचा थर ३० मिलीच्या आसपास भरला तर २० टक्के इथेनॉल आहे. त्या पेट्रोलने मशीन चालवू नका, हा प्रयोग वेगळा.

उपाय एवढाच की मिक्स लागेल तेवढंच बनवायचं, काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. हे कंटाळवाणं आहे. पण दर वर्षी डायफ्राम बदलण्यापेक्षा बरं.

चेनला जळकं काळं ऑइल टाकतात सगळे. मी टाकू?

टाकतात खरं. त्यात इंजिनचा धातूचा कीस असतो, तो ऑइल पंप खातो. शिवाय ते उडून तुमच्याच अंगावर येतं आणि कातडीला वाईट. चेनचं ऑइल परवडत नसेल तर नवं साधं ऑइल वापरा. पांढऱ्या कागदासमोर चेन धरून फिरवली की ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर कापू नका.

चेन कुठली, कानस कुठली?

याला मोठ्या पिचची (कड्यांमधल्या अंतराची), म्हणजे .४०४ इंची चेन लागते, १.६ मिलिमीटर जाडीची. गोल कानस साडेपाच मिलिमीटर. दातासमोरचा ठोका (दात किती खोल कापेल ते ठरवणारा उंचवटा) दाताच्या ०.८ मिलिमीटर खाली. झाड आडवं कापायला आणि उभ्या फळ्या पाडायला कोन वेगळा असतो. फळ्यांसाठी दाताचा कोन १० अंशांच्या आसपास ठेवला की फळी गुळगुळीत येते. सायलेन्सरची जाळी, पट्टीची खाच, स्प्रॉकेटवरच्या खळग्या, हे सगळं बघाच. स्प्रॉकेट झिजलेला असेल तर नवी चेन आठवड्यात खराब होते.

आताच्या मशीनइतकं सुरक्षित आहे का?

नाही. साधारणपणे जुन्या ०७०ला चेन ब्रेक नसतो. पट्टीचं टोक फांदीला लागलं की मशीन उसळून तोंडाकडे येतं आणि ते थांबवणारं काही नाही. काहींना कंपन अडवणारी मूठही नसते, तासाभरात बोटं बधिर होतात. टोकाने कापू नका. खांद्याच्या वर उचलू नका. कानाला मफ, डोळ्याला जाळी आणि सोबत एक माणूस. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढायची स्टाईल या मशीनला चालत नाही. जमिनीवर ठेवा, पायाने दाबा, डिकॉम्प्रेशन असेल तर दाबा. दोरीने उलटा झटका दिला तर मनगट जातं.

विक्रेता म्हणतो हे ०९० आहे. खरं-खोटं कसं ओळखू?

०९० हा याचाच थोरला भाऊ, १३७ सीसीचा, आणि हौशी लोकांत त्याला भाव बराच जास्त. बाहेरून दोन्ही इतकी सारखी की ०७०वर ०९०च्या नावाचा बिल्ला चिकटवणं अवघड नाही. काही जण प्लगमधून तार घालून स्ट्रोक मोजायला सांगतात. त्याने काही कळत नाही, दोघांचाही स्ट्रोक ४० मिलिमीटरच आहे. फरक व्यासात आहे, ५८ आणि ६६. म्हणजे पुन्हा सायलेन्सर काढा, नाहीतर सिलिंडर.

अस्सल की नक्कल?

१०५ सीसी म्हणून विकली जाणारी ०७०ची नक्कल बाजारात भरपूर आहे. वाईट असतेच असं नाही, पण तिला जुन्या अस्सलचा भाव देऊ नका. ओतीव भागाच्या कडा बघा. नकलेत त्या खरबरीत, जोडाची रेघ ठळक. अस्सल ओतीव भागांवर ११०६ने सुरू होणारा नंबर सापडतो. कुठे ‘वेस्ट जर्मनी’ असं कोरलेलं मिळालं तर तो भाग १९९०च्या आधीचा, कारण त्यानंतर त्या नावाचा देशच राहिला नाही. ब्राझीलमध्ये बनलेलं असेल तर नाक मुरडू नका, तीही अस्सलच. मात्र एकाच मशीनमध्ये अस्सल क्रँककेस आणि नकली सिलिंडर, अशी खिचडी फार दिसते. ती चालेल, पण किंमत खिचडीचीच.

बरं, मग किंमत किती?

आकडा मी फोनवर सांगत नाही, फोटोवरूनही नाही. पद्धत सांगतो. तुमच्या भागात तसंच चालू मशीन प्रत्यक्ष कितीला गेलं ते दोन-तीन ठिकाणी विचारा. जाहिरातीतली किंमत नव्हे, हातात पडलेली. समजा ते ३०,००० आहे. आकडा उदाहरणापुरता. त्यातून तुमच्या मशीनला लागणारे डायफ्राम किट, सील, चेन, पट्टी आणि मजुरी वजा करा. समजा ११,००० झाले. उरले १९,०००. आता सिलिंडर उघडून दाखवलात तर त्याच्या जवळपास मिळतील. ‘चालू होतं, फक्त पेट्रोल घाला’ असं म्हणून बंद मशीन विकायला बसलात, तर घेणारा न दिसणारी जोखीम धरून निम्म्यावर येईल, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही आलो असतो.

क्रँककेसला तडा असेल, विशेषतः तळाला ऑइलच्या टाकीपाशी, तर बाकी सगळं बिनकामाचं. पिस्टन मिळतो, कॉइल मिळते, पण क्रँककेस फुटली की ते सुट्या भागांचं पोतं होतं. उलट मूळ कव्हर, मूळ सायलेन्सर, पुढचे लोखंडी काटे आणि लांब पट्टी जाग्यावर असेल तर त्याचे पैसे वेगळे मागा. हे भाग नंतर शोधताना नाकी नऊ येतात.

विकण्याआधी रंग मारून घेऊ?

नका मारू. नव्या रंगाखाली काय लपवलंय, हाच पहिला संशय येतो. रॉकेलने धुवा, पुसा, बस. मागे एक जण चकचकीत नारिंगी मशीन घेऊन आला होता. रंग प्लगच्या आट्यांतही गेला होता.

यापेक्षा नवंच घेऊ का?

रोज कापायचं असेल तर हो. आजचं ९१ सीसीचं स्टिल ६६१ साधारण साडेसात किलोचं आहे आणि ताकद ५.४ किलोवॅट. ०७०ची ४.८. म्हणजे तीन किलो कमी वजन, जास्त जोर आणि वर चेन ब्रेक. ०७० ठेवावं ते फ्रेमला बांधून फळ्या पाडायला, जिथे वजन हातावर येत नाही. नाहीतर आजोबांचं म्हणून. तेही कारण चालतं, फक्त त्याचा हिशेब बाजारात लागत नाही.

झाड माझं, मशीन माझं. परवानगी कशाला?

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, आंबा, फणस, खैर अशी ठरलेली झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरात १९७५चा वेगळा कायदा, गोव्यात १९८४चा. मशीनची ट्रायल घ्यायला पडलेला ओंडका वापरा.

विकायचं नाही, परत ठेवायचंय. कसं ठेवू?

दोन्ही टाक्या रिकाम्या. कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत चालवून घ्या. प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल आत, दोरी दोनदा सावकाश ओढा, प्लग परत लावा. मग दोरी इतकीच ओढा की हाताला अडल्यासारखं होईल, आणि तिथे सोडा. त्या जागी पिस्टनने दोन्ही भोकं झाकलेली असतात, पावसाळी हवा आत जात नाही. चेन काढून ऑइलच्या फडक्यात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मशीन बांधू नका, आत घाम धरतो. जुनं गोणपाट घाला, आणि सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा. बोळ्याला लाल सुतळी बांधून ती मुठीवर आणा, म्हणजे पुढच्या वेळी काढायचा राहणार नाही.